उंच सायकल

गाडी येणार नाही हे कोणी सांगितलंच नाही. बायका रोजच्यासारख्या उजाडताना वळणावर येऊन उभ्या राहिल्या, डबे या हातातून त्या हातात घेत राहिल्या. उन्हं वर आली तेव्हा दूधवाला मोटरसायकल ढकलत आला.

"कशाला ताटकळता?" तो म्हणाला. "तुमच्या हॅचरीच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा मोडलाय काल. या रस्त्याला परत गाडी घालायची नाही म्हणून मालकानं सांगितलंय."

रस्ता होताच तसा. टेकडीच्या पोटात खडी फोडायचं मशीन बसल्यापासून डंपरांनी त्याची चाळण करून टाकली होती. डांबराची कुठे कुठे बेटं उरली होती, त्यांच्या मधे खोल चाकोऱ्या, आणि सगळीकडे सांडलेली सैल खडी. चालताना घोटा मुरगळायचा. डंपर गेला की बराच वेळ पुढचं दिसायचं नाही.

थोरली त्या दिवशी चालत गेली. घरात दोन भाऊ, त्यातल्या मोठ्याची बायको म्हणून ती थोरली. नवरा रंगारी होता, पण बांधकामं थंडावल्यापासून त्याचे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभे होते ते उभेच होते. धाकटा घरून शहरातल्या कॉलेजात जायचा. सासूचे गुडघे गेलेले. घर चालायचं ते थोरलीच्या बोटांवर, आणि हे काही बोलायची रीत म्हणून नाही. हॅचरीत ती कोंबडीची पिल्लं निवडायची. अंड्यातून बाहेर पडून दिवसही न झालेलं पिल्लू डाव्या मुठीत घ्यायचं, उजव्या हातानं मनगट वळवून त्याचा पंख पसरायचा, पिसांची लांबी बघायची. मादी या खोक्यात, नर त्या पेटीत. पेटीतल्या नरांचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नसे. थोरलीचे हात इतके भराभर चालायचे की तिकडे तिला सगळ्या मशीनच म्हणायच्या.

मशीन त्या दिवशी उशिरा पोचली तर फाटक लागलेलं. सुपरवायझर जाळीच्या आतून म्हणाला, "पिल्लं काय तुमच्यासाठी अंड्यात थांबतात का, बाई? उद्या वेळेवर या, नाहीतर येऊ नका."

निम्म्या बायकांनी आठवडाभरात काम सोडलं. थोरली अंधार असतानाच निघायला लागली. संध्याकाळी घरी आली की पाय पाण्यात घालून बसायची आणि सासू म्हणायची, "पाणी जपून. मलाही पाय आहेत."

तिच्या शेजारी बसून निवडणारी एक चष्मेवाली होती. ती पलीकडच्या वस्तीतून सायकलवर यायची. सायकल म्हणजे काळी, जड, जुनाट. पुढचा दांडा खाली वाकवलेला, टायर चांगले जाड. घंटी सोडून बाकी सगळं वाजायचं. एकदा सुटी झाल्यावर चष्मेवाली म्हणाली, "मला आज भाच्याच्या गाडीवर जायचंय. तू ने ही. उद्या आण."

थोरली लहानपणी मामाकडे सायकल शिकली होती. पहिल्यांदा हँडल डुगडुगलं, मग अंगाला आठवलं. खडीच्या ढिगात ती वेग कमी करून गेली, जाड टायर खडीत रुतले आणि बाहेरही आले. एका चाकोरीत तोल गेला, तेव्हा तिनं नुसते दोन्ही पाय खाली टेकवले आणि उभी राहिली. एवढंच. उभं राहता आलं. घरी पोचली तेव्हा ऊन होतं, आणि तिला स्वतःचंच हसू आलं, कारण कितीतरी दिवसांनी तिनं अंगणात ऊन पाहिलं होतं.

"सायकल घ्यायची," तिनं जेवताना सांगितलं. "अशीच. खाली दांडा, जाड टायर, पाय टेकतील एवढी उंची. जड असली तरी चालेल."

घराला एकदम तोंड फुटलं.

"अशी भंगाराची सायकल आता मिळते तरी का?" धाकटा म्हणाला. तो मोबाईलवर काहीतरी उघडून बसलाच. "वहिनी, खराब रस्त्यासाठी वेगळ्या सायकली असतात. पुढे शॉकॲब असतात, गिअर असतात. चढाला गिअर टाकायचा, लोण्यासारखी जाते. हे बघा."

चित्रात एक माणूस सायकलीसकट हवेत होता.

"मला उडायचं नाहीये, भावोजी. हॅचरीत जायचंय."

"मागे कॅरिअर पाहिजे," सासू म्हणाली. "दळण आणता येईल. आणि मला दवाखान्यात कोण नेणार? कॅरिअर रुंद पाहिजे."

"आई, तू कॅरिअरवर बसलीस तर शॉकॲबला शॉक बसेल," रंगारी म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. मग जरा गंभीर झाला. "घ्यायची तर घरातल्या सगळ्यांना चालवता आली पाहिजे. उद्या मला काम लागलं तर मी काय बायकांच्या सायकलवर शिडी नेऊ?"

थोरलीनं ताटात पाणी ओतलं. सायकल तिच्याच कष्टातून येणार होती हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे कोणी ते बोललं नाही. तीही नाही.

रविवारी तिघं शहरात गेली. दुकानात रबराचा वास होता. सायकली छताला टांगलेल्या, भिंतीला टेकलेल्या. दुकानदारानं रंगाऱ्याला खुर्ची दिली, धाकट्याला चहा मागवला आणि थोरलीला म्हणाला, "ताई, तुम्ही पंख्याखाली उभ्या राहा."

कोपऱ्यात एक हिरवी सायकल होती. खाली दांडा, चेनवर पत्र्याचं कव्हर, दोन्ही मडगार्ड, मागे कॅरिअर. थोरलीनं टायर अंगठ्यानं दाबून पाहिला. चष्मेवालीच्याएवढा नाही, पण जाड होता. तिनं सीट हातानं कमरेशी मापली. "ही बघा," ती म्हणाली.

"कोणासाठी पाहिजे, साहेब?" दुकानदारानं रंगाऱ्याला विचारलं.

"हिच्यासाठी. म्हणजे घरासाठी."

"ती हिरवी पोस्टमन लोक नेतात," दुकानदार म्हणाला. "मजबूत आहे, खोटं कशाला बोलू? पण तुमच्या दारात उभी राहिली तर शोभेल का? तुम्ही स्वतः रंगाच्या धंद्यातले. फिनिशिंग कशाला म्हणतात ते तुम्हाला मी सांगायचं?" असं म्हणून त्यानं मधली एक लाल-काळी सायकल ओढली. "हिच्या रंगावर हात फिरवून बघा."

रंगाऱ्यानं हात फिरवला. थोरलीला कळलं की झालं. कित्येक महिन्यांत त्याला कोणी साहेब म्हटलं नव्हतं, आणि त्याच्या हाताखालून असा गुळगुळीत रंगही गेला नव्हता.

"तीन बाय सात गिअर," धाकटा म्हणाला. "डिस्क ब्रेक आहेत, दादा."

"टायर बारीक आहे," थोरली म्हणाली.

"बारीक टायर पळतो, ताई. आणि धक्के खायला पुढे शॉकॲब आहेत ना." दुकानदारानं हँडल दोनदा खाली दाबून दाखवलं. ते कुईं करून वर आलं.

"मडगार्ड नाहीत. कॅरिअर नाही."

"नंतर बसवू," रंगारी म्हणाला. "बस तर खरी एकदा."

दुकानातल्या पोऱ्यानं सायकल धरली. थोरलीला पायघोळ कपड्यात आडव्या दांड्यावरून पाय टाकताना सगळ्या दुकानासमोर कपडे वर करून घ्यावे लागले. सीटवर बसल्यावर एका बाजूचा अंगठा कसाबसा लागायचा, दुसरा पाय लोंबकळायचा.

"सीट खाली करा."

"हीच सगळ्यात खाली, ताई. फ्रेमच मोठी आहे. सवय होते. आमच्या भाचीला झाली."

"पाय टेकत नाहीत हो," ती नवऱ्याला हळू म्हणाली.

"अगं, सायकल काय उभं राहायला घेतात?" तो मोठ्यानं म्हणाला. दुकानदार हसला, धाकटा हसला, पोऱ्याला हसावंसं वाटलं पण तो सायकल धरून होता. त्यानंतर थोरली काही बोलली नाही. आपण तिथे आणखी थोडं बोलायला हवं होतं असं तिला पुढे पुष्कळदा वाटलं, पण तेव्हा तिला फक्त त्या सीटवरून खाली उतरायचं होतं.

सायकल दारात आली तेव्हा शेजारपाजारचे बघायला आले. सासूनं सायकलीभोवती एक चक्कर मारली, मागे कॅरिअर नाही हे पाहिलं आणि म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड." मग आत जाऊन पडून राहिली.

थोरली सायकलवर कामाला जायला लागली. निघताना ओट्याच्या कडेवर पाय ठेवून चढायची, उतरायचं असेल तेव्हा एखादा दगड किंवा उंचवटा आधीच हेरून ठेवायची. रस्त्यावर कुठे कुठे उतरता येतं हे तिला पाठ झालं. बारीक टायर खडीत सुरीसारखे घुसायचे आणि हँडल हातातून ओढून घ्यायचे. शॉकॲब छोट्या खड्ड्यात हलायचे नाहीत, मोठ्या खड्ड्यात तळाला जाऊन आपटायचे, आणि तो दणका मनगटातून कोपरात, कोपरातून मानेत जायचा. डबा हँडलला अडकवावा लागे. तो गुडघ्यावर आपटून आपटून गुडघ्याला काळं वर्तुळ झालं. पावसाच्या सरीनंतर मागच्या चाकाचा चिखल पाठीवर थेट मानेपर्यंत उडायचा. हॅचरीत आत जाण्याआधी अंग स्वच्छ धुवावं लागे, नाहीतर पिल्लांना रोग. सुपरवायझर म्हणायचा, "बाई, सायकलवर येता की रेड्यावर?"

गिअर तर तिनं एका जागी ठेवून दिले. बदलायला गेलं की चेन उतरायची. काळ्या हातांनी पिल्लं धरता येत नाहीत, म्हणून ती चेन झाडाच्या पानांनी धरून चढवायची.

"बदलून घेऊ या का?" तिनं एकदा विचारलं. "ती हिरवी असेल अजून."

रंगारी भिंतीकडे बघत म्हणाला, "आता त्याच्यापुढे कोणत्या तोंडानं जाऊ? काय सांगू? माझ्या बायकोचे पाय आखूड आहेत?"

"तसं सांगा."

"थोडी कळ काढ. धाकटा म्हणत होता, शॉकॲबला तेल घातलं की मऊ होतात."

धाकट्यानं तेल घातलं. शॉकॲब मऊ झाले नाहीत, तेल पुढच्या ब्रेकवर गळलं.

ती पडली ती सकाळी, उतारावर. समोरून डंपर आला, तिनं बाजू घ्यायला ब्रेक दाबला. पुढचा लागलाच नाही, मागचा लागला आणि चाक खडीवर सरकलं. तिनं पाय खाली टाकला. खाली जमीन नव्हती, म्हणजे होती, पण पायाला लागेपर्यंत सायकल आडवी झाली होती. ती उजव्या हातावर आली. डंपर थांबला नाही, त्याला दिसलंही नसेल. धूळ बसली तेव्हा तिनं पाहिलं की मनगट भलत्याच जागी वाकलंय. दुखत नव्हतं अजून. डब्याचं झाकण उडून जेवण खडीत पसरलं होतं, आणि तिला आधी त्याचंच वाईट वाटलं.

दूधवाल्यानं तिला घरी आणलं. रंगारी धावत बाहेर आला, तिचा हात बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. दवाखान्यात नेईपर्यंत तो एकसारखा "काही नाही, काही नाही" म्हणत होता. धाकटा सायकल आणायला गेला. परत आल्यावर म्हणाला, "वहिनी, सुदैवानं फ्रेमला काही झालं नाही."

सासू आतून म्हणाली, "वहिनीच्या फ्रेमला झालंय मेल्या, ते बघ."

हाताला प्लास्टर घातलं. थोरली घरात बसली. डाव्या हातानं भांडी घासायची, डाव्या हातानं केर काढायची. केस मात्र एका हातानं बांधता येत नव्हते. रंगारी म्हणाला, "ये, मी बघतो." तिला उंबऱ्यावर बसवून तो मागे बसला आणि फणीनं हळूहळू गुंता सोडवायला लागला. भिंतीला रंगाचा पहिला हात देताना घेतात तसा एकेक पट्टा घेत, न ओढता. त्याचे हात असे मऊ असतात हे तिला माहीत होतं, पण मधल्या काळात ती विसरली होती. तिचे डोळे मिटायला आले.

"मी काल हॅचरीत गेलो होतो," तो म्हणाला.

"माझी रजा सांगायला?"

"हो. म्हणजे, तेच सांगायला गेलो होतो. सुपरवायझर म्हणाला, जागा तर रिकामी ठेवता येत नाही. मग म्हणाला, तुम्हाला काम आहे का सध्या? पेट्या उचलायला, ट्रे धुवायला माणूस हवाय." फणी पुढच्या गुंत्यात शिरली. "मी हो म्हणालो. घरातली जागा घरातच राहिली, नाही का?"

तिनं मान हलवली नाही. केस त्याच्या हातात होते.

"बोल की काहीतरी."

"कधीपासून?"

"उद्यापासून. डबा जरा लवकर लागेल."

दुसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातानं डबा भरला. तो दांड्यावरून सहज पाय टाकून बसला. दोन्ही पाय जमिनीला व्यवस्थित टेकत होते. संध्याकाळी आला तो कमरेवर हात ठेवून. "रस्ता भयंकर आहे गं," तो म्हणाला, जणू तिच्यासाठी बातमी आणली होती. "हात बधिर होतात. तो दुकानदार काय लेकाचा! एवढ्या बारीक टायरवर जायचा रस्ता आहे का हा?" पुढच्याच रविवारी त्यानं ब्रेक दुरुस्त करून घेतले आणि त्या फ्रेमला बसतील तेवढे जाड टायर टाकले. मडगार्डही आले, कॅरिअरही. सासूला कॅरिअरवर बसवून तो दवाखान्यात घेऊन गेला तेव्हा ती खूश होती. "कमावता झाला की माणसाला अक्कल येते," ती परत येताना शेजारणीला म्हणाली.

चष्मेवाली एकदा बघायला आली होती. प्लास्टरवर बोट वाजवून म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा झाला की गं तुझा नवरा! तिथे सगळ्यांशी गोड बोलतो. सुपरवायझरचं घर रंगवून देणार आहे म्हणे."

"काम करतोय ना," थोरली म्हणाली. चष्मेवालीनं चष्मा पुसला आणि चहा पिऊन गेली.

प्लास्टर निघालं. आतला हात बारीक आणि फिका झाला होता, दुसऱ्याच कोणाचातरी असल्यासारखा. मूठ वळत होती, वजन उचलता येत होतं, पण मनगट एका जागेपुढे फिरायचं नाही. दवाखान्यात म्हणाले, हळूहळू फिरेल. ती चालत हॅचरीत गेली. सुपरवायझरनं तिला टेबलाशी नेलं, समोर पेटी सरकवली. सगळ्या बायका बघत होत्या. तिनं पिल्लू डाव्या मुठीत घेतलं, उजव्या हातानं पंख धरला, मनगट वळवायला गेली. ते वळलं नाही. तिनं खांद्यापासून हात फिरवला. पंख ताणला गेला, पिल्लू चिरकलं. तिनं दुसरं घेतलं. तेही चिरकलं.

"राहू द्या, बाई," सुपरवायझर म्हणाला. आवाज वाईट नव्हता. "मरेल ते."

"थोड्या दिवसांत सुटेल हात. तोवर ट्रे धुते मी."

"ट्रे धुवायला तुमचेच मिस्टर आहेत ना? एका घरातला एकच माणूस घ्यायचा असा इथला नियम आहे. त्यांना काढून तुम्हाला घेऊ का? विचारून या घरी."

रंगारी पलीकडे पेट्या रचत होता. त्याला सगळं ऐकू गेलं असणार. तो पेट्या रचत राहिला. एक पेटी त्यानं उचलली, जागेवर ठेवली, परत उचलली आणि परत तिथेच ठेवली.

घरी तिनं विचारलं नाही. त्यानंही तो विषय काढला नाही.

पावसाळा सरल्यावर रस्त्याच्या कामाला मुहूर्त लागला. खडीचे ढीग पडले, डांबराची पिंपं आली, आणि मुकादम बायका शोधत वस्तीत फिरला. घमेली उचलायला मनगट फिरवावं लागत नाही. थोरलीनं नाव दिलं.

सकाळी रंगारी सायकलला फडकं मारत होता. "रस्त्यावर जातेस?" तो म्हणाला. "जा की. घरात बसून तरी काय करणार?" मग चाकाच्या तारा पुसता पुसता म्हणाला, "धूळ फार असते. तोंडावरून फडकं घट्ट बांधून घे."

तिला बरं वाटलं. एवढं तरी त्याला सुचलं.

दिवसभर तिनं घमेली वाहिली. खडीच्या ढिगापासून रस्त्यापर्यंत, रस्त्यापासून ढिगापर्यंत. वजन मानेत उतरत होतं, खालून डांबराची धग चपलेतून तळव्याला लागत होती. दुपारनंतर फडक्याच्या आत श्वास घेता येईना तेव्हा तिनं ते गळ्यात ओढून घेतलं. तोंड काळं झालं होतं, तरी ते तिचंच तोंड होतं.

हॅचरी सुटली. सायकली यायला लागल्या. ओलं डांबर टाळून कडेनं, खडीतून, एकेक उतरून चालत. रंगारी दोघा सोबत्यांबरोबर होता, काहीतरी सांगून त्यांना हसवत होता. तो उतरला, सायकल हातात धरून खडीतून यायला लागला. थोरली वाटेतच उभी होती, डोक्यावर भरलेलं घमेलं. आता तो काय म्हणेल, थांबेल का, पाणी पिऊ दे म्हणेल का, असं तिच्या मनात आलं.

त्यानं तिला पाहिलं. नीट पाहिलं. मग खाली वाकून चेनकडे बघायला लागला, चेनला काही झालेलं नसताना.

"ओ बाई, बाजूला व्हा जरा," सोबत्यांतला एक म्हणाला. "सायकली जाऊ द्या."

ती बाजूला झाली. तिघं गेले. पुढे पक्कं डांबर लागलं तसा रंगाऱ्यानं दांड्यावरून पाय टाकला, आणि त्या सपाट रस्त्यावरून सायकल आवाज न करता निघून गेली.

"काय बघतेस गं?" मागची, दुसऱ्या वस्तीतून आलेली बाई म्हणाली. तिचं घमेलं खोळंबलं होतं. "ओळखीचा होता का?"

थोरलीनं डोक्यावरचं घमेलं रस्त्यावर पालथं केलं.

"हॅचरीत असतो," ती म्हणाली. "रोज जातो इथून."